धुक्यातला सूर्योदय आणि कॅमेऱ्याचे मोजमाप

(बी.कॉम. द्वितीय वर्ष)

डिसेंबर-जानेवारीत बेळगावभोवतालच्या शिवारांत पहाटे धुके उतरते. भातकापणी झालेली शेते, राकसकोप जलाशयाचा काठ, मार्कंडेय नदीचे पात्र, किल्ल्यालगतचे तळे ही ठिकाणे सकाळी सातच्या सुमारास दुधात बुडवून काढल्यासारखी दिसतात. पूर्वी असे दृश्य टिपायचे तर कोणाकडून तरी कॅमेरा मागून आणावा लागे आणि छत्तीस चित्रांचा रोल जपून वापरावा लागे. आता बहुतेकांच्या खिशात मोबाइलच्या रूपाने कॅमेरा आहे, आणि काही हौशी मित्रांकडे वापरलेले का होईना, पण डीएसएलआर कॅमेरेही आले आहेत. तरीदेखील धुक्यातल्या सूर्योदयाचे छायाचित्र पाहिले की पुष्कळांचा हिरमोड होतो. डोळ्यांना दुधासारखे दिसलेले धुके चित्रात राखेसारखे उतरते. सूर्य चौकटीत असला तर खालची सारी जमीन काळीठिक्कर पडते. मग 'आपला कॅमेराच स्वस्तातला' असे म्हणून माणूस गप्प बसतो.

माझ्या मते ह्यात कॅमेऱ्याच्या किमतीचा संबंध फार थोडा आहे. समोर काय आहे हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. प्रकाश किती आहे एवढेच त्याला कळते. धुके पांढरे दिसले पाहिजे हे त्याला आपणच सांगावे लागते. ते कसे सांगायचे, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे विवेचनात थोडी हिशेबाची भाषा आली, तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी ती गोड मानून घ्यावी.

१. धुके पांढरे का दिसते?

हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. जमिनीलगतची दमट हवा गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब बनतात आणि वारा पडलेला असेल तर ते तिथल्या तिथे तरंगत राहतात. म्हणून सखल शेतांत आणि पाण्याकाठी धुके दाट असते, तर माळावर विरळ. पावसाळ्यात आंबोलीला किंवा चोर्ला घाटात आपल्याला जे धुके भेटते, ते खरे म्हणजे डोंगराला टेकलेले ढगच असतात. त्यात सूर्योदय दिसण्याचा संभव कमी, म्हणून येथे हिवाळ्यातल्या धुक्यापुरतेच लिहितो.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. म्हणून धुके पांढरे. मात्र हा प्रकाश सर्व दिशांना सारखा फेकला जात नाही. सूर्याकडून आलेला बराचसा प्रकाश थेंब पुढच्या दिशेलाच पाठवतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड करून पाहिले तर धुके उजळलेले दिसते आणि सूर्याकडे पाठ केली तर तेच धुके फिके व निर्जीव वाटते. छायाचित्र काढणाऱ्याला ह्यात सोय आणि अडचण दोन्ही आहेत. सुंदर धुके हवे असेल तर सूर्याच्या बाजूलाच पाहावे लागते, आणि मोजमाप बिघडते तेही त्याच बाजूला.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र धुक्याला 'मंजु' म्हणतात, आणि नजर अंधुक झाली म्हणजेही 'कण्णु मंजायितु' असे म्हणतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा शब्द फार नेमका लागू पडतो. धुक्यात आपली नजर मंदावते तशीच कॅमेऱ्यातल्या मीटरचीही फसगत होते.

२. मीटरची समजूत

प्रत्येक कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर असतो. वस्तूवरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश तो मोजतो आणि समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरून आकडे देतो. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा तो मध्यम करडा, असे मानण्याचा छायाचित्रणात प्रघात आहे. माती, झाडे, घरे, रस्ते, माणसे मिळून जे रोजचे दृश्य बनते त्याची सरासरी ह्याच्या आसपास येते, म्हणून एरवी मीटरचे म्हणणे बरोबर ठरते.

एक प्रयोग घरच्या घरी करून पाहावा. धुतलेले पांढरे धोतर आणि काळे घोंगडे अंगणात सावलीच्या जागी शेजारी-शेजारी टांगावे. कॅमेरा स्वयंचलित मोजमापावर ठेवून आधी चौकटीत फक्त धोतर भरेल एवढ्या जवळून चित्र घ्यावे. मग तसेच फक्त घोंगड्याचे घ्यावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की धोतर करडे आणि घोंगडेही करडे! पांढऱ्याची आणि काळ्याची दोघांचीही नोंद मीटरने एकाच खात्यावर करून टाकलेली असते.

धुके हे त्या धोतरासारखे आहे. चौकटीचा मोठा भाग उजळ धुक्याने व्यापला की मीटरला प्रकाश फार झाला असे वाटते आणि तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कमी करतो. दुधाची राख होते ती इथे. पहाटे मुळात उजेडच कमी असतो, मग हे कसे, अशी शंका कोणी घेईल. उजेड कमी असेल तेव्हा मीटर वेळ वाढवून देतोच. पण कमी उजेड असो वा जास्त, शेवटी समोरच्या वस्तूला तो करड्या रंगावरच आणून सोडतो.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर ह्यांनी १९३९-४० च्या सुमारास 'झोन पद्धत' मांडली, ती येथे उपयोगी पडते. तीत काळ्याकुट्ट छटेपासून पांढऱ्याशुभ्र छटेपर्यंत ० ते १० अशा पायऱ्या कल्पिल्या आहेत. मध्यम करडा रंग पाचव्या पायरीवर येतो. मीटर ज्या वस्तूवर रोखावा तिला तो ह्या पाचव्या पायरीवर बसवतो. ज्यात बारीक पोत अजून दिसतो असा उजळ पांढरा सातव्या पायरीवर असतो. धुक्याची जागा सहाव्या-सातव्या पायरीवर आहे. म्हणजे मीटरने दाखवलेल्या आकड्यात एक ते दोन पायऱ्यांची भर घालणे, हा ह्या साऱ्या विषयाचा गाभा झाला.

३. स्टॉपचा हिशेब

अशा एका पायरीच्या फरकाला 'स्टॉप' म्हणतात. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप कमी करणे म्हणजे निम्मा करणे. हे तीन प्रकारांनी करता येते. शटरचा वेळ १/१२५ सेकंदावरून १/६० करता येतो, लेन्सचे छिद्र एफ/८ वरून एफ/५.६ करता येते, किंवा आयएसओ १०० वरून २०० वर नेता येतो. उजेडाच्या दृष्टीने तिन्हींचे फळ सारखेच, पण प्रत्येकाचा खर्च वेगळ्या खात्यातून होतो. शटर मंद केले तर हात हलल्यामुळे किंवा समोरचा माणूस चालत असल्यामुळे चित्र पुसट येते. छिद्र मोठे केले तर जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट येत नाही. आयएसओ वाढवला तर चित्रात दाणे उमटतात. तिपाई जवळ असेल आणि समोर काही हलत नसेल तर शटर मंद करणे सर्वांत स्वस्त पडते.

एक उदाहरण घेऊ. सूर्य अजून धुक्यामागे आहे. आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवून मीटर धुक्यावर रोखला, तर त्याने समजा १/१२५ सांगितले. हा आकडा जसाच्या तसा घेतला तर धुके पाचव्या पायरीवर, म्हणजे करडे येईल. १/६० घेतले तर सहाव्या पायरीवर आणि १/३० घेतले तर सातव्या पायरीवर येईल. स्वयंचलित कॅमेऱ्यात हेच काम अधिक-उणे अशी चिन्हे असलेल्या बटणाने होते. त्या सोयीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. +१ म्हणजे एक स्टॉप जास्त, −१ म्हणजे एक स्टॉप कमी.

नवशिक्या माणसाला येथे उलटे वाटते. धुके पांढरे आहे, तेव्हा ते आणखी पांढरे होऊन चित्र बिघडेल, अशा भीतीने तो उणे करतो. धोतराला अधिक आणि घोंगड्याला उणे, एवढे सूत्र लक्षात ठेवले तर ही अदलाबदल होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजकालचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. निकॉनने १९८३ साली एफए ह्या कॅमेऱ्यात ही रीत आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. असा मीटर थोडी दुरुस्ती आपणहून करतो. म्हणून अशा कॅमेऱ्यावर एकदम +२ न करता +२/३ पासून सुरुवात करावी आणि चित्र पाहून वाढवत जावे. ज्यात चौकटीच्या मध्यावरचा लहानसा ठिपकाच मोजला जातो अशी 'स्पॉट' रीत असेल, तर मात्र वरचा पायऱ्यांचा हिशेब थेट लागू होतो.

४. तीन प्रसंग

धुक्यातली सकाळ एकसारखी नसते. सूर्य कोठे आहे ह्यावरून तिचे तीन प्रसंग पडतात.

पहिला प्रसंग: सूर्य उगवायचा आहे, किंवा उगवूनही चौकटीबाहेर आहे. चौकटीत धुके, झाडांच्या पुसट आकृती आणि थोडी जमीन एवढेच आहे. येथे +१ ते +१ २/३ पुरे होते. राजहंसगडाच्या तटावरून खालच्या शेतांवर पसरलेले धुके पाहत असाल, आणि त्याच्या पाठीवर कोवळे ऊन पडले असेल, तर ते कापसासारखे पांढरे असते. तेथे +२ पर्यंत जाण्यास हरकत नाही. उलट जवळचे आंब्याचे झाड किंवा गवताची गंजी चौकटीचा निम्मा भाग अडवत असेल तर मीटरला काळ्याचाही वाटा मिळतो आणि भर कमी घालावी लागते.

दुसरा प्रसंग: सूर्य दाट धुक्यामागून चांदीच्या रुपयासारखा दिसतो आहे. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत सुंदर प्रसंग. बिंबाचे तेज धुक्याने इतके कमी केलेले असते की बिंब आणि धुके ह्यांतला फरक कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो. मीटर बिंबावर रोखू नये. हात लांब करून मूठ धरली असता जेवढे अंतर झाकले जाते तेवढे बिंबापासून दूर जाऊन तेथील धुके मोजावे आणि +२/३ ते +१ ठेवावे. ह्याहून पुढे गेल्यास बिंबाची कड धुक्यात विरून जाते आणि सूर्य कोठे होता ते चित्रात शोधावे लागते.

तिसरा प्रसंग: धुके विरळ झाले आहे आणि सूर्य डोळे दिपवतो आहे. येथे मीटर दोनदा फसतो. धुक्यामुळे तो एक्स्पोजर कमी करतोच, आणि सूर्याच्या थेट तेजामुळे त्याहून कमी करतो. अशा वेळी कॅमेरा बाजूला वळवून सूर्य चौकटीबाहेर काढावा. हात लांब करून पसरलेल्या पंजाची वीत जेवढे अंतर दाखवते, साधारण तेवढ्या अंतरावरचे उजळ धुके मोजावे, त्यात +१ घालावे, तो आकडा पक्का करावा आणि मग कॅमेरा पुन्हा मूळ जागी आणावा. सूर्याचे बिंब पांढरे होणार हे मान्यच करावे. कोणत्याही आकड्याने ते आणि जमीन दोन्ही वाचत नाहीत. तो पांढरा ठिपका मोठा वाटत असेल तर दोन पावले सरकून सूर्याला पिंपळाच्या खोडामागे किंवा फांद्यांमागे ठेवावे. मग धुक्यात किरणांच्या पट्ट्याही स्पष्ट दिसतात.

ज्यांच्या कॅमेऱ्यात स्पॉट मीटर नाही त्यांच्यासाठी जुन्या छायाचित्रकारांची युक्ती आहे. जी वस्तू टिपायची तिच्यावर जसा उजेड पडतो आहे तशाच उजेडात आपला तळहात धरावा, तो चौकट भरून मोजावा आणि एक स्टॉप वाढवावा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो, आणि माणसामाणसांच्या वर्णात कितीही फरक असला तरी तळहातांत फार फरक नसतो. धुके कितीही पांढरे असो, तळहाताचे माप त्यामुळे बदलत नाही.

५. सूर्य आणि माणूस

आपल्याकडच्या दिनदर्शिकांवर एक ठरावीक चित्र असते. मागे धुक्यात लाल सूर्य, पुढे बैल, आणि बैलांमागे शेतकऱ्याची काळी आकृती. चित्र देखणे असते ह्यात वाद नाही. परंतु अशी पंचवीस चित्रे पाहिल्यावर असे वाटू लागते की पहाटे राबणाऱ्या माणसाला तोंडच नसते. ही कला म्हणून केलेली निवड असेल तर ठीक. पण पुष्कळदा ती निवड माणसाने केलेली नसते, मीटरने केलेली असते. सूर्य आणि धुके पाहून त्याने एक्स्पोजर कमी केले आणि त्याची किंमत पुढच्या माणसाने भरली.

वास्तविक दाट धुके माणसाचे चित्र काढायला फार अनुकूल आहे. उघड्या आकाशाखाली सूर्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा गडद सावलीत जातो. धुक्यात मात्र चारही बाजूंनी पांढरा पडदा लावल्यासारखे होते आणि सावलीच्या बाजूलाही प्रकाश पोहोचतो. चेहरा आणि धुके ह्यांतला फरक त्यामुळे कमी होतो.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या काकांची दोन चित्रे मुद्दाम काढली. काका रोज पहाटे सायकलीला दुधाच्या किटल्या लावून गावाहून शहरात दूध घालायला येतात. ते सायकल धरून रस्त्याकडेला उभे होते आणि सूर्य त्यांच्या मागे धुक्यात फिकट दिसत होता. आयएसओ १०० आणि एफ/८ वर धुक्याचे माप १/२५० आले, आणि जवळ जाऊन चेहऱ्याचे घेतले ते १/६० आले. फरक दोन स्टॉपचा. पहिले चित्र १/२५० वर घेतले. त्यात सूर्याचा रंग उतरला, धुके करडे-सोनेरी आले आणि काकांची नुसती आकृती आली. दुसरे १/६० वर घेतले. त्यात चेहरा मध्यम छटेवर आला आणि धुके त्याच्या दोन पायऱ्या वर, म्हणजे आपल्याला हव्या त्या सातव्या पायरीवर आपोआप जाऊन बसले. सूर्याचा तेवढा पांढरा ठिपका झाला. मित्रांना पहिले चित्र आवडले. घरी आजीने तेच हातात घेऊन विचारले, "सूर्य दिसतोय रे, आमचा पोरगा कुठला ह्यात?" भिंतीवर लागले ते दुसरे.

ह्या दोन आकड्यांवरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. धुके सातव्या पायरीवर नेले की त्यात उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही बहुधा योग्य पायरीवर येतो. म्हणजे 'धुके की माणूस' असा तंटाच दाट धुक्यात उरत नाही. तंटा असतो तो सूर्याच्या लहानशा बिंबाशी. फ्लॅश मात्र वापरू नये. त्याचा प्रकाश जवळच्या थेंबांवरून उलट लेन्समध्येच येतो आणि चित्रावर पांढरे ठिपके उठतात. माणसाला किंचित वळवून उभे केले आणि धुक्याचा उजेड एका गालावर येऊ दिला, तर चेहऱ्याला उठाव येतो.

६. मागाहून उजळता येत नाही का?

येते, पण व्याज भरून. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाशाची नोंद पायऱ्यांत विभागलेली असते. १२ बिटांच्या रॉ फाइलमध्ये एकूण ४०९६ पातळ्या असतात. त्यांपैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात, त्याखालच्या स्टॉपला १०२४, त्याखालच्याला ५१२, असे निम्मे-निम्मे होत जाते. आता धुक्याचा सारा मोह त्याच्या बारीक छटांत आहे. मागचे झाड त्याहून मागच्या झाडापेक्षा किंचित फिके, एवढ्यावरच खोली दिसते. ते धुके दोन स्टॉप खाली नोंदले गेले तर त्या छटांना चौथा हिस्साच पातळ्या मिळतात. मग संगणकावर उजळताना दाणे दिसू लागतात आणि सपाट भागात पट्टे पडतात. जेपीईजी फाइलमध्ये एका रंगाला २५६ च पातळ्या असल्याने ही तूट आणखी जाणवते.

ह्याचा अर्थ वाटेल तेवढे वाढवावे असाही नाही. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बराच सोसत असे; स्लाइड फिल्म सोसत नसे. डिजिटल कॅमेरा ह्या बाबतीत स्लाइडच्या जातीचा आहे. एखादा भाग एकदा कोरा पांढरा झाला की त्यातला पोत परत येत नाही. म्हणून चित्र घेतल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे छटांचा आलेख, पाहावा. धुक्याचा उंचवटा अरुंद असतो, कारण छटांतला फरकच थोडा असतो. तो मधोमध उभा असेल तर धुके करडे आले आहे असे समजावे. तो मध्याच्या उजवीकडे असावा, पण उजव्या भिंतीला टेकू नये. सूर्य चौकटीत असेल तर भिंतीपाशी एक बारीक रेघ दिसेल. ती बिंबाची असते आणि तिची चिंता करू नये. खात्री वाटत नसेल तर एक स्टॉप कमी, बरोबर आणि एक स्टॉप जास्त अशी तीन चित्रे लागोपाठ घ्यावीत.

७. वेळ, रंग आणि निगा

पृथ्वी ताशी १५ अंश फिरते आणि सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे आहे. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य थोडा तिरका वर येतो, म्हणून पूर्ण बिंब क्षितिजावर यायला सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. एवढ्या वेळात उजेड झपाट्याने बदलतो. साहजिकच सूर्योदयापूर्वी घेतलेले माप दहा मिनिटांनी वापरणे म्हणजे मागच्या महिन्याच्या भावाने आज माल विकणे होय. दर दोन-तीन मिनिटांनी नवे माप घ्यावे. बेळगावात जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसहाला जागेवर असलेले बरे.

रंगाच्या बाबतीत व्हाइट बॅलन्स स्वयंचलित न ठेवता 'डेलाइट'वर ठेवावा. स्वयंचलित असला तर पहाटेची निळसर छटा आणि नंतरची केशरी छटा दोन्ही तो दोष समजून पुसू पाहतो.

धुक्यात लेन्सवर थेंब बसतात. धुतलेले मऊ सुती कापड जवळ ठेवून हलक्या हाताने टिपावे. गार कॅमेरा एकदम उबदार दमट स्वयंपाकघरात आणला तर काचेवर बाष्प धरते, म्हणून घरी आल्यावर थोडा वेळ तो पिशवीतच राहू द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूर्य तळपू लागला की डीएसएलआरच्या दर्शकातून, विशेषतः दूरची लेन्स लावून, त्याच्याकडे पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या पडद्यावर पाहून चित्र घ्यावे.

८. मोबाइल असेल तर

मोबाइलमध्येही वरचे सारे तत्त्व तसेच लागू आहे. पडद्यावर धुक्याच्या उजळ भागाला बोट लावावे. बहुतेक मोबाइलमध्ये तेथे सूर्याचे लहान चिन्ह किंवा एक पट्टी उमटते. ती वर सरकवली की एक्स्पोजर वाढते. बोट दाबून धरले तर बहुधा माप पक्के होते आणि चौकट हलवली तरी बदलत नाही. काही मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून काळे-पांढरे दोन्ही वाचवण्याचा प्रयत्न करतात. कधी ते साधते, तर कधी धुक्याचा मऊपणा जाऊन झाडांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या होतात. दोन्ही प्रकारे घेऊन पाहावे आणि डोळ्यांना जे दिसले होते त्याच्याशी ताडून ठरवावे.

९. रोजकीर्द ठेवावी

वर दिलेले आकडे सुरुवातीपुरते आहेत. प्रत्येकाचा मीटर थोडा वेगळा आणि प्रत्येक गावचे धुके वेगळे. म्हणून माझी शेवटची सूचना वाणिज्य विद्यार्थ्याला शोभेल अशीच आहे. एक लहान वही खिशात ठेवावी आणि पाच रकाने आखावेत: वार व वेळ, धुके किती दाट (किती खांबांपर्यंतचे दिसत होते), मीटर कशावर रोखला, किती भर घातली, आणि चित्र कसे आले. शटर आणि छिद्र ह्यांचे आकडे डिजिटल कॅमेरा स्वतःच फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. पण मीटर तुम्ही धुक्यावर रोखला की चेहऱ्यावर, आणि तिसरा खांब दिसत होता की नाही, हे त्याला माहीत नसते. आठ-दहा सकाळींच्या नोंदी झाल्या की त्यांची खतावणी करावी. सूर्य बाहेर असताना सरासरी किती भर लागली, बिंब दिसत असताना किती, माणूस पुढे असताना किती, हे तीन आकडे हाती येतील. ते तुमच्या कॅमेऱ्याचे आणि तुमच्या शिवाराचे आकडे असतील, आणि कोणत्याही पुस्तकातल्या कोष्टकापेक्षा ते तुमच्या जास्त उपयोगी पडतील.